मुक्या जिवाची वही

उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या चाळीत, बदलापूरच्या नव्या इमारतीत काही घरांतून आता गिनीपिग पाळतात. मुले हट्ट धरतात आणि वडील बाजारातून जोडी आणतात. जनावर लहानसे, गरीब, सहसा चावत नाही. पण त्याला खायला काय द्यावे, ठेवावे कुठे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते आज आपण पाहू.

नावात पिग असले तरी हा डुक्कर नव्हे. उंदीर, खार यांच्यासारखा तो कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात. तिथे पेरू नावाचा देश आहे. तिथली माणसे हजारो वर्षांपासून हा प्राणी पाळतात. त्या डोंगरावर हवा थंड असते. आपल्या बदलापुरात तर एप्रिल-मे महिन्यांत पारा कधीकधी ४० अंशांवर जातो. गिनीपिगला घाम येत नाही. ३० अंशांच्या पुढे त्याचे हाल होतात. म्हणून पिंजरा पत्र्याखाली किंवा उन्हाच्या गॅलरीत ठेवू नका. घरातल्या गार कोपऱ्यात, फरशीवर ठेवा. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा. धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, तर लगेच गार जागी न्या. ओल्या फडक्याने अंग पुसा आणि डॉक्टर गाठा.

दोघांना चार फूट लांब, दोन फूट रुंद जागा हवी. खाली जाळी नको, पाय अडकतात. फर्निचरच्या दुकानातला बारीक भुसाही नको, तो नाकात जातो. जीन्सच्या चिंध्या नकोत, त्यांचे दोरे पायाला आवळतात. वर्तमानपत्र पसरून त्यावर कोरडे गवत घाला. ओले झालेले रोज काढा.

एकट्याला ठेवू नये, त्याला सोबत लागते. दोन माद्या ठेवाव्यात. नर-मादी एकत्र ठेवले तर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्ले होतात. मग ती सांभाळणार कोण?

आता खाण्याचे. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजायला वाळलेले गवत दिवसरात्र समोर हवे. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्यात कस नाही. पावसाळ्यात बुरशी आलेले गवत टाकून द्या. स्वच्छ पाणी रोज बदला. चपाती, भात, बिस्किट, दूध, बटाटा, कांदा देऊ नका.

गाय, कुत्रा, मांजर यांचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. माणसाचे करीत नाही आणि गिनीपिगचेही करीत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिक यांनी गिनीपिगांना नुसते धान्य चारून पाहिले. त्यांना स्कर्व्ही झाला. ताजा पाला दिला की तो टळे. या रोगात सांधे सुजतात, चालवत नाही. म्हणून ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज द्या. अधूनमधून पेरूची फोड द्या. भाजी धुऊन द्या. गटाराकाठचे गवत तोडू नका. दुकानातला दाणा आणाल तर पिशवीवरची तारीख वाचा. तीन महिन्यांत त्यातले जीवनसत्त्व पुष्कळसे उडून जाते.

आता आमचीच चूक सांगतो. आमच्या घरी दोन गिनीपिग होते. एकाने खाणे सोडले. आम्ही म्हटले, उन्हाने मलूल झाला असेल, उद्या खाईल. केस दाट, त्यामुळे अंग भरलेले दिसे. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. हातात घेतला तेव्हा नुसती हाडे लागली. मुलांनी विचारले, "तुम्हाला कळले कसे नाही?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

हा प्राणी दुखणे लपवतो. रानात जो आजारी दिसतो त्याला शिकारी आधी धरतो, म्हणून ही सवय. शिवाय त्याचे पोट सतत चालू लागते. एक दिवस उपास घडला तरी जिवावर बेतते. म्हणून रोज दोन गोष्टी पाहा : खातो का? लेंड्या टाकतो का? आणि दर रविवारी काट्यावर वजन करा.

आता तुम्हाला लिहिता येते. मग वहीत असे लिहा :

पहिला रविवार : ८५० ग्रॅम. खाणे ठीक.
दुसरा रविवार : ८४० ग्रॅम. खाणे ठीक.
तिसरा रविवार : ७८० ग्रॅम. गवत उरले.

तिसरी ओळ काय सांगते? आठवड्यात ६० ग्रॅम गेले. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे जा, आणि वही बरोबर न्या. घरातली माणसांची गोळी देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखे औषध पोटात गेले तर गिनीपिग मरतो.

गिनीपिग पाच-सात वर्षे जगतो. त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने वही बोलते.

प्रश्न
१. गिनीपिगला ताजा पाला का लागतो?
२. उन्हाळ्यात पिंजरा कुठे ठेवाल?
३. तुमच्या घरच्या जनावराची या आठवड्याची नोंद वहीत लिहा.