इंग्रजीच्या तासाला आरोग्य विमा : शब्दही शिकू, हक्कही शिकू



दवाखान्यात आपल्या हातात पडणारा जवळजवळ प्रत्येक कागद इंग्रजीत असतो. केसपेपर, तपासणीचा रिपोर्ट, संमतीपत्र, सुट्टीचे कार्ड, बिल, सगळेच. आजारपणात घाबरलेला माणूस डॉक्टर किंवा सिस्टर बोट ठेवतील तिथे सही करतो, अंगठा उठवतो. त्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळल्यामुळे फुकट मिळायचा उपचार विकत घेतलेली कितीतरी घरे आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. कोणी सावकाराचे कर्ज काढले, कोणी शेळ्या विकल्या, कोणी मुकादमाकडून उचल घेतली आणि ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा कोयता धरला.

म्हणून शेवगावात आमच्या वस्तीतल्या विहारात दहावी-बारावीच्या मुलामुलींचा जो संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग भरतो, त्यात आम्ही तीन तास सरकारी आरोग्य विम्याला दिले. योजनेची इंग्रजी माहिती वाचायची, घरचे रेशनकार्ड घेऊन यायचे आणि शेवटच्या दिवशी वादविवाद करायचा असे ठरले. जे तिथे शिकलो ते इथे मांडतो आहोत. वाचकांनीही घरातल्या शिकणाऱ्या मुलाला शेजारी बसवून हा धडा वाचावा.

पहिला तास : आठ शब्द

इंग्रजी शब्द पाठ करण्याआधी तो दवाखान्यात कुठे भेटतो ते समजून घ्यावे.

बेनिफिशिअरी म्हणजे लाभार्थी. योजनेचा हक्क ज्याला आहे तो.

एम्पॅनेल्ड हॉस्पिटल म्हणजे योजनेच्या यादीत असलेले रुग्णालय. मोठी इमारत म्हणजे यादीतले रुग्णालय असे नाही. एखादे रुग्णालय हृदयाच्या उपचारांसाठी यादीत असते, पण हाडांच्या उपचारांसाठी नसते. म्हणून “तुमच्याकडे योजना आहे का?” एवढे विचारून थांबू नये. “या आजाराला तुमच्याकडे योजना आहे का?” असे विचारावे.

कॅशलेस म्हणजे रोख न भरता. रुग्णाने पैसे भरायचे आणि नंतर सरकारकडून परत मागायचे, असा याचा अर्थ नाही.

पॅकेज म्हणजे एका उपचाराचा ठरलेला दर. त्यात जनरल वॉर्डमधील खाट, डॉक्टर, भूल, ऑपरेशन थिएटर, लागल्यास आयसीयू, तपासण्या, औषधे, आत बसवायचे साहित्य आणि रुग्णाचे जेवण येते.

प्री-ऑथरायझेशन म्हणजे उपचाराआधी घ्यायची मंजुरी. ती रुग्णालयाने ऑनलाइन मागायची असते.

कन्सेंट म्हणजे संमती. कोणता उपचार, कशासाठी, धोका काय आणि दुसरा मार्ग आहे का, हे आपल्या भाषेत समजल्यावर दिलेली सही हीच खरी संमती.

डिस्चार्ज समरी म्हणजे सुट्टी देताना मिळणारा उपचाराचा गोषवारा. हा कागद आयुष्यभर जपावा. पुढचा डॉक्टर आधी हाच मागतो.

फॉलो-अप म्हणजे सुट्टीनंतरची फेरतपासणी.

एका विद्यार्थ्याने विचारले की एका कागदावर इन्शुरन्स आहे आणि दुसऱ्यावर अ‍ॅश्युरन्स, मग फरक काय? प्रश्न नेमका होता. इन्शुरन्स म्हणजे विमा. त्यात सरकार आपल्यासाठी कंपनीला हप्ता भरते आणि कंपनी रुग्णालयाचे बिल देते. अ‍ॅश्युरन्स म्हणजे हमी. त्यात मधली कंपनी नसते, सरकारची यंत्रणाच रुग्णालयाला पैसे देते. महाराष्ट्रात ही योजना चालवणाऱ्या संस्थेचे नाव राज्य आरोग्य हमी सोसायटी असे आहे. दोन्ही प्रकारांत पैसा जनतेच्या करातलाच असतो. काडीपेटी आणि साबण विकत घेणारा मजूरही कर भरतो. तेव्हा योजनेचे कार्ड पुढे करताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

दुसरा तास : योजना काय देते

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून सगळ्या राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. आता राज्यात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जातात. पूर्वी फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते. २०२३ च्या निर्णयाने ते पाच लाख झाले आणि पिवळ्या-केशरी कार्डाबरोबर पांढरे कार्डधारकही योजनेत आले. ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून असते. एकट्याला लागली तर एकट्यालाही वापरता येते. सत्तर वर्षांवरील व्यक्तींसाठी, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. घरातल्या आजी-आजोबांचे कार्ड काढले आहे का, ते पाहावे.

वाट अशी आहे. यादीतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटावे. त्यांची खिडकी रुग्णालयातच असते. रेशनकार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र दाखवून नोंदणी करावी. त्यानंतर तपासणी, मंजुरी, उपचार आणि सुट्टी असा क्रम असतो. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद मागून देता येतात. आजार योजनेत येण्याआधीपासूनचा असला तरी चालतो. सुट्टी झाल्यावर घरी जायचे एस.टी.चे भाडेही फुले योजनेत धरलेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

पैसे मागितले, तर भांडण न करता तीन गोष्टी कराव्यात. कशाचे पैसे ते लेखी मागावे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. आरोग्यमित्राला सांगून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

मुलांनी आणलेली रेशनकार्डे उघडली तेव्हा खरी अडचण दिसली. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव अजून माहेरच्याच कार्डात. धाकट्या लेकराचे नाव कुठेच नाही. एका कार्डावर आडनाव एक आणि आधारवर दुसरे. आजार दारात आल्यावर तहसीलच्या पुरवठा शाखेत खेटे घालून हे दुरुस्त होत नाही. आपल्या वस्तीतल्या एका लेकीच्या प्रसूतीनंतर गुंतागुंत झाली, तेव्हा सासरच्या कार्डात नाव नाही म्हणून एका रुग्णालयात घरच्यांना अनामत भरायला लावली. मंगळसूत्र गहाण पडले. बाई वाचली, पण कर्ज अजून फिटलेले नाही. ही गोष्ट तिच्या भाच्यानेच वर्गात मोडक्या-तोडक्या इंग्रजीत सांगितली. त्या दिवशी कुणीही त्याचे व्याकरण काढले नाही.

तिसरा तास : वादविवाद

विषय होता : गरिबाला काय हवे, आरोग्य विमा की चांगला सरकारी दवाखाना? पाच मुले एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. आधी इंग्रजीत तीन वाक्ये, मग मराठीत मन मोकळे.

विम्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सांगितले की हृदयाचे ऑपरेशन, कर्करोग, डायलिसिस हे खर्च मजुराच्या घराला बुडवणारे असतात. शेवगावच्या ग्रामीण रुग्णालयात या सगळ्या सोयी असणे शक्य नाही. नगरचे जिल्हा रुग्णालय साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, नाहीतर पैठणमार्गे संभाजीनगरच्या घाटीत जावे लागते. योजना असेल तर खासगी रुग्णालयाचे दारही उघडते. ज्या दाराशी आपल्या आजोबांना उभे राहू दिले नसते, तिथे नातू हक्काने खाट मागतो, ही छोटी गोष्ट नाही.

दवाखान्याच्या बाजूने उत्तर आले की विमा बहुतेक भरती झाल्यावरच कामाला येतो. आपल्या घरातला पैसा मात्र रोज झिरपत असतो. आईची रक्तदाबाची गोळी, वडिलांची साखरेची गोळी, लेकराचा खोकला, दर वेळची तपासणी. ओपीडीचा हा खर्च फुले योजना देत नाही. गोळी वेळेवर मिळाली असती तर लकवा टळला असता, पण विम्याचे पैसे लकवा झाल्यावर येतात. आणि यादीतली रुग्णालये शहरात असतात. कार्ड खिशात असले तरी रुग्णालय शेवगावात येत नाही.

ऊसतोडीच्या घरातली एक मुलगी उठली. दिवाळीनंतर आमची निम्मी वस्ती रिकामी होते, कार्ड तिकडे चालते का, असे तिने विचारले. याचे उत्तर प्रत्येक टोळीला माहीत हवे. फुले योजना राज्यातल्या कोणत्याही यादीतल्या रुग्णालयात चालते, मग ते सांगलीत असो की कोल्हापुरात. पण तोडणी कर्नाटकात असेल तर तिथे केंद्राचे आयुष्मान कार्ड लागते. ते देशभर चालते. म्हणून जोडी गाडीत बसण्याआधी आयुष्मान कार्ड काढावे आणि रेशनकार्डाची झेरॉक्स सोबत ठेवावी.

तिनेच दुसरा मुद्दा काढला, तो गर्भाशयाच्या ऑपरेशनचा. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने चौकशी केली. ज्या ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. छत्तीसगडमध्ये २०१२ साली अशाच शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला तेव्हा तिथे सरकारी विमा कार्डाचे पैसे मिळवण्यासाठी ऑपरेशने केल्याचे आरोप झाले. पैसा बाईच्या पदराचा असो की विम्याचा, गरज नसताना कापाकापी होऊ शकते. अंगावर पांढरे जाते, पाळीत त्रास होतो, म्हणून लगेच पिशवी काढायची नसते. पुष्कळ वेळा औषधाने बरे वाटते. कमी वयात अंडाशयही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात. “कॅन्सर होईल” अशी भीती घातली तर सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.

निकाल काय लागला? वर्गाने ठरवले की विमा ही छत्री आहे आणि सरकारी दवाखाना हे छप्पर. पावसात छत्री हवीच, पण छत्री दिली म्हणून छप्पर काढून नेऊ द्यायचे नाही. आम्हालाही हाच निकाल पटतो. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. मत मागायला येणाऱ्यांना या अडीच टक्क्यांचे काय झाले, हे विचारावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केलेले आहेत. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात जाणे, तिथे औषध नसेल तर लेखी विचारणे, हाही चळवळीचाच भाग समजावा.

हा वारसा आपला आहे

आरोग्य विमा ही आजकालच्या सरकारांची कल्पना आहे असे मुलांना वाटत होते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आज आपली पोरे नगर किंवा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते का, हे पगारपत्रकात पाहावे. कपात होत असेल तर त्यांना आणि घरच्यांना ओपीडीसकट उपचाराचा हक्क आहे. संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणे म्हणजे कलम २१ चा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले.

ज्यांच्या नावाने योजना आहे त्या जोतिरावांच्या घरातच सेवेचा आदर्श आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या. आणि त्याही कितीतरी आधी, सोबत्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने धुतले-पुसले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्याची शिकवण दिली. शेजारच्या घरातला आजारी माणूस एकटा दवाखान्यात जाणार नाही हे पाहणे हाच आपला धम्म.

घरी करायचा अभ्यास

१. या रविवारी रेशनकार्ड उघडा. घरातल्या प्रत्येकाचे नाव त्यात आहे का, आधारशी जुळते का, ते पाहा. सुनेचे आणि लेकरांचे आधी.

२. आयुष्मान कार्ड आशाताई किंवा सेवा केंद्रामार्फत काढून घ्या.

३. १५५३८८ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लिहा.

४. जुने रिपोर्ट, डिस्चार्ज समरी आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत तारखेप्रमाणे लावा.

५. शिकणाऱ्या मुलाने वरचे आठ शब्द आई-वडिलांना समजावून सांगावेत. आईने ते उलट सांगितले की धडा पूर्ण झाला.

६. वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुली आणि दोन मुलगे निवडा. कुणी भरती झाले की त्यांच्यापैकी एकाने सोबत जायचे, कागद वाचायचा आणि मगच सही करू द्यायची.

इंग्रजी शिकून आपली मुले साहेब होतील तेव्हा होतील. तोवर त्यांनी आपल्या आईच्या हातातला कागद वाचून दाखवला, तरी शिक्षण कामी आले असे समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!