व्हॉट्सॲपवरील दुकान आणि गावचा ग्राहक

भंडारा जिल्हा पितळी भांडी, तांदूळ आणि कोशाचे कापड यांसाठी प्रसिद्ध आहे. भांडे तोलून व वाजवून पाहावयाचे, मोहाडी तालुक्यातील कोसा बोटांनी चाचपावयाचा आणि मगच भाव करावयाचा, हा येथील जुना प्रघात. आता हाच व्यवहार पुष्कळदा व्हॉट्सॲपवरील छायाचित्रावरून होतो. जानेवारी २०१८ मध्ये या माध्यमाचे लहान व्यावसायिकांसाठी स्वतंत्र, विनामूल्य रूप उपलब्ध झाले. जाहिरातीस पैसा नसलेल्या विणकराला व किराणा दुकानदाराला ही मोठीच सोय होय.

प्रभाव कसा पडतो?

दुकानदार एका यादीतील २५६ जणांपर्यंत एकच संदेश धाडू शकतो. परंतु प्रत्येकास तो आपल्या एकट्यासाठीच आला असे भासते. ‘ताई, तुमच्यासाठी एक नग बाजूला ठेवला आहे’ या शब्दांत जिव्हाळा असतो आणि नकार देण्याचा संकोचही. ‘स्टेटस’ २४ तासांत नाहीसे होते. त्यामुळे संधी हुकेल अशी घाई होते. गटात शेजारणीने केलेली प्रशंसा तर जाहिरातीहून अधिक पटते.

यात गैर काही नाही, जोवर सांगितलेले खरे असते. मात्र छायाचित्रावरून पितळेचे वजन कळत नाही आणि कृत्रिम धाग्याचे कापडही कोशासारखे दिसते. खऱ्या रेशमाचा धागा जळताना केस जळल्यासारखा वास येतो व त्याची राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. म्हणून ‘सिल्क मार्क’ची खूण आणि पावती मागून घेणे हिताचे.

कायद्याचे संरक्षण

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. इलेक्ट्रॉनिक माध्यमातील दिशाभूल करणारी जाहिरातही त्याच्या कक्षेत येते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ‘शेवटचे दोनच नग’ यांसारखी खोटी निकड निषिद्ध ठरविली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत. तोच पुरावा ठरतो.

ग्रामसभेत हा विषय मांडला जावा आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखादी जाहिरात पारखावयास द्यावी. ग्राहक सावध झाला, तर प्रामाणिक विणकराच्या खऱ्या मालालाच योग्य दाम मिळेल.