वारशाने आलेले रिव्हॉल्व्हर

धाराशिव जिल्ह्यात जुन्या रिव्हॉल्व्हरचा नाद बहुधा आजोबांच्या ट्रंकेतून सुरू होतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता. पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजेने सोलापूरकडून येऊन नळदुर्ग घेतला. त्याआधीच्या रझाकारी धामधुमीत घर राखण्यासाठी हत्यार बाळगणारी घराणी होती. त्यांतल्या काहींची ठासणीची बंदूक किंवा वेब्ली रिव्हॉल्व्हर पुढच्या पिढ्यांकडे आले. परवान्याचा कागद मात्र आलाच असे नाही.

घोळ इथूनच सुरू होतो. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू म्हणजे पुराणवस्तू, तिला परवाना कशाला, अशी समजूत सर्रास आढळते. १९५९ चा शस्त्र कायदा वयाला सूट देत नाही. कालबाह्य, पुरातन मूल्याचे किंवा मोडके हत्यार कलम ४५ खाली सुटते, पण दुरुस्ती करूनही त्यातून गोळी सुटणार नसेल तरच. स्प्रिंग बदलली की चालेल असे वेब्ली या सवलतीत बसत नाही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आहे. आजोबांचे नाव सांगून ती टळत नाही.

परवानाधारक हयात नसेल तर वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांतले जे आधी होईल तेव्हा, त्याच्या हयातीतही ते वारसाच्या नावे होऊ शकते. शहाणी घरे हे काम म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत उरकतात. .४५५ आणि .३८० बोअरची रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित वर्गात मोडतात. त्यांचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतो. संग्राहकाची खरी अडचण वेगळीच आहे. एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारशाचे शस्त्रही त्यातच मोजले जाते. दोन नगांचा संग्रह हा संग्रह कसला! भिंतभर हत्यारांचा शौक संग्रहालयात जाऊन भागवावा.

परवाना हाती आला तरी जुन्या हत्याराने बार काढण्याची घाई करू नये. आधी ते रिकामे आहे का ते चक्रीच्या प्रत्येक घरात डोकावून पाहावे. मग घोडा चढवून चक्री हलवून पाहावी. ती डुगडुगत असेल, तर घर नळीसमोर नेमके येत नाही. गोळी नळीच्या काठावर घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात. वेब्ली मधोमध मोडून उघडते, म्हणून त्याची वरची कडी झिजली आहे का ते बघणे अगत्याचे. चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू जोरात बाहेर पडतो, तेव्हा तिथे बोट ठेवू नये. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक रिव्हॉल्व्हरांचे पोलाद काळ्या दारूच्या दाबाला पुरेल एवढेच आहे. आजच्या दारूचा दाब त्यांची चक्री फोडू शकतो. परदेशात पुष्कळ .४५५ वेब्लींची चक्री मागून घासून त्यांत .४५ एसीपी काडतूस बसेल अशी सोय केली गेली. काडतूस बसते, पण त्याचा दाब त्या हत्याराच्या मूळ मर्यादेपलीकडचा असतो. ‘बसले म्हणजे चालते’ हा हिशेब इथे बोटे घालवतो.

ट्रंकेतली जुनी काडतुसे तर वापरूच नयेत. त्यांनाही परवाना लागतोच. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी निशाणाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण तो उशिराही उडतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि दुसरा बार नळी फोडतो. परवानाधारक शस्त्र-कारागिराने तपासल्याशिवाय जुन्या हत्याराला काडतूस दाखवू नये.

नेमबाजीची हौस असेल तर रायफल क्लबचे सदस्य व्हावे. २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर बोअर चालतो. त्यामुळे .३२ चे रिव्हॉल्व्हर त्यात बसते, .४५५ बसत नाही. शेतात, मळ्यात, वरातीत बार काढण्याची चाल मात्र साफ सोडावी. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा हौशी गोळीबारासाठी २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. खंडेनवमीला शस्त्राची पूजा करावी, पण काडतुसे कुलपात ठेवून.

ज्याच्या कागदांचा पत्ताच लागत नाही, असे हत्यार वकिलाचा सल्ला घेऊन, विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावे आणि पोचपावती घ्यायला विसरू नये.