आधी पेटंट की आधी विक्री?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र छोटी कंपनी चालवतो. दृश्यकलाकारांसाठी आमचा पहिला व्हिडिओ सिंथेसायझर तयार आहे. नॉब फिरवला की पडद्यावरचे रंग-आकार बदलतात. पेटंट मिळाल्याशिवाय तो विकता येत नाही म्हणतात. मग जत्रांचा हंगाम हुकणार का?
– एक वाचक, नारायणगाव

उत्तर : हंगाम हुकायचे काही कारण नाही. विक्रीसाठी पेटंट सक्तीचे नाही. १९७०च्या दशकात शिकागोच्या कलाकार डॅन सँडिन यांनी आपल्या ‘इमेज प्रोसेसर’ या अशाच व्हिडिओ सिंथेसायझरचे आराखडे खुले केले आणि इतर कलाकारांनी ते यंत्र स्वतः जोडले. तुमची रचना खरोखर नवी असेल आणि पेटंट हवेच असेल, तर यंत्र चारचौघांत दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करा. पूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात.

सुरुवात ५-१० नगांनी करा. नारायणगाव तर तमाशाची पंढरी! तिथल्या एखाद्या फडाला, मंचरच्या एखाद्या मंडपवाल्याला यंत्र वापरायला द्या. एलईडी पडदा, लांब केबल आणि जनरेटरची वीज यांवर ते रात्रभर चालवून पाहा. चित्र फाटते का, हे तिथेच कळेल.

काही पथ्ये पाळा. अ‍ॅडॉप्टर बीआयएस नोंदणीचाच घ्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने अपस्माराच्या काही रुग्णांना झटका येऊ शकतो. वेगाला मर्यादा घाला, खोक्यावर सूचना छापा. राज्याबाहेर माल पाठवणार असाल, तर जीएसटी नोंदणी आधी करा. एवढे सांभाळलेत, की बिनधास्त बाजारात उतरा.