संशोधनाची साखळी : प्रयोगशाळेपासून बेणेमळ्यापर्यंत

देशाची उत्पादकता वाढवावयाची, तर संशोधनावरील खर्च वाढविणे अगत्याचे आहे. भारतात २०२०-२१ मध्ये हा खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. संशोधनास चालना देण्यासाठी २०२३ च्या कायद्यान्वये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची तरतूद झाली. तथापि, केवळ निधीने शोध शेतात पोहोचत नाही. त्यासाठी मधले दुवे भक्कम असावे लागतात.

आंबेगाव तालुक्यातील पारगाव येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. अशा ऊसक्षेत्रात या दुव्यांचे महत्त्व सहज ध्यानात येते. 'को ८६०३२' या वाणाचा संकर कोइमतूरचा. महाराष्ट्रात त्याची पारख पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने केली आणि 'नीरा' या नावाने तो शेतकऱ्यांपर्यंत आला.

परंतु उत्तम वाणाचेही तेच बेणे वर्षानुवर्षे वापरल्यास काणी व गवताळ वाढ बळावते आणि उत्पादन घटते. म्हणून बेण्यावर ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास प्रक्रिया करून मूलभूत, पायाभूत व प्रमाणित असे त्रिस्तरीय बेणेमळे वाढविले जातात. यातील एक पायरी गळाली, तरी शास्त्रज्ञांचे श्रम वाया जातात.

शेतकऱ्याची अडचण संशोधकापर्यंत पोहोचणे हाही या साखळीचाच भाग होय. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे. पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांनी गावातील बेणेबदल आणि रोगांच्या नोंदी ठेवून त्या केंद्राकडे पाठविल्यास विज्ञानधोरणातील सुधारणेचा आरंभ गावातूनच होईल.