आकाशदर्शनासाठी शाळांनी कोणते साहित्य घ्यावे?

दिवेलागणीनंतर तासाभरात गावाबाहेरच्या माळावर जे आकाश दिसते, ते मोठ्या शहरांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीस आता क्वचितच पडते. या आकाशाचा अध्यापनासाठी उपयोग व्हावा, या हेतूने शाळा व ग्रामपंचायती दुर्बीण घेण्याचा विचार करतात. हेतू स्तुत्य असला तरी निवड चुकल्यास ते साहित्य दोन-चार रात्रींनंतर कपाटात जाते आणि जडवस्तू नोंदवहीतील एक नोंद एवढेच त्याचे अस्तित्व उरते. खर्च वाया जातोच. परंतु ‘दुर्बिणीतून काही दिसत नाही’ असा विद्यार्थ्यांचा जो ग्रह होतो, तो अधिक हानिकारक होय.

चुकीचे मूळ बहुधा दरपत्रकातच असते. ‘४५० पट मोठे दाखविणारी’ अशी जाहिरात पाहून खरेदी केली जाते. वस्तुतः नेत्रिका बदलून प्रतिमा कितीही मोठी करता येते, पण आत येणारा प्रकाश तेवढाच राहत असल्याने ती अंधुक व फुटकी दिसू लागते. समोरच्या भिंगाच्या वा आरशाच्या व्यासाचे मिलिमीटरमधील माप घेऊन त्याची दुप्पट करावी. त्याहून अधिक वर्धन निरुपयोगी समजावे. म्हणजेच ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा १२० पट, आणि तीही हवा स्थिर असेल तरच. याकरिता दरपत्रके मागविताना वर्धनाऐवजी व्यास नमूद करणे आवश्यक आहे. अन्यथा सर्वांत कमी दराची निविदा सर्वांत निकृष्ट वस्तूची ठरण्याचा संभव असतो. तिपाईकडेही दुर्लक्ष होऊ नये. डगमगणाऱ्या तिपाईवर गुरू ग्रह क्षणभरही स्थिर राहत नाही.

अल्प खर्चात प्रारंभ करावयाचा असेल, तर दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, हीच प्रथम घ्यावी. तिच्यावर ‘१०×५०’ असे आकडे असतात. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा. ५० मिलिमीटरचे भिंग उघड्या डोळ्यापेक्षा सुमारे ५० पट प्रकाश गोळा करते. नुसत्या डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा दिसणारा कृत्तिकांचा पुंजका तिच्यातून अनेक ताऱ्यांनी भरून जातो. मृग नक्षत्रातील तेजोमेघ आणि सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका धुरकट डागांसारख्या दिसतात. भिंतीला वा खांबाला टेकून हात स्थिर ठेवल्यास गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार उपग्रहही ओळखता येतात. चंद्र मात्र पौर्णिमेस पाहू नये. शुद्ध सप्तमी-अष्टमीस उजेड व अंधार यांच्या सीमेवरील विवरे स्पष्ट दिसतात. शनीची कडी या साधनातून दिसत नाहीत, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. लहान मुलांच्या हातांना १०×५० जड वाटते. त्यांना ८×४० सोयीचे.

खरेदीपूर्वीची तपासणी अवघड नाही. बायनॉक्युलर हातभर दूर धरून उजेडाकडे पाहिले असता नेत्रिकेत प्रकाशाची चकती दिसते. ती पूर्ण गोल असावी. कडा चौकोनी वा राखाडी भासल्यास आतील लोलक हलक्या प्रतीचे असण्याची शक्यता असते. दूरचा विजेचा खांब पाहावा. तो दुहेरी दिसल्यास ती वस्तू परत करावी. लाल चकाकणारी भिंगे आणि वर्धन कमी-अधिक करण्याची सोय ही प्रलोभने टाळलेलीच बरी.

तरतूद अधिक असल्यास ११४ किंवा १३० मिलिमीटर आरशाची, टेबलावर ठेवावयाची परावर्ती दुर्बीण उत्तम. तिची बैठक अमेरिकेतील जॉन डॉब्सन यांनी रूढ केलेल्या पद्धतीची असते. सान फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखविणारे हे गृहस्थ काटकसरीच्या सामग्रीतूनच दुर्बिणी बनवीत. बैठकीत नाजूक यंत्रणा नसल्याने ती एका शिक्षकास उचलून दुसऱ्या वाडीवर नेता येते. शनीची कडी येथे निश्चित दिसतात.

यासोबत महाराष्ट्राच्या अक्षांशांस योग्य असा फिरता ताराफलक आणि लाल जिलेटीन कागद लावलेली विजेरी असावी. अंधाराला डोळे सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात; पांढऱ्या उजेडाने, विशेषतः मोबाइलच्या, तो सराव क्षणात नाहीसा होतो. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, म्हणून साहित्य आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

पहिल्या कार्यक्रमासाठी अनुभवी व्यक्तींचे साहाय्य घेणे इष्ट. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांमध्ये कार्य करीत आहे. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले.

सूर्याकडे कोणत्याही दुर्बिणीतून कदापि पाहू नये. क्षणार्धात कायमचे अंधत्व येऊ शकते. नेत्रिकेला लावावयाची काळी काच उष्णतेने तडकते, म्हणून ती खोक्यात आली असल्यास नष्ट करावी. सूर्यासाठी बनविलेली गाळणी भिंगाच्या पुढील बाजूसच बसवावी लागते. २ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे आहे. दिवस पावसाळ्याचा असला तरी ढगांच्या भरवशावर न राहता प्रत्येक शाळेने प्रमाणित ग्रहण-चष्मे आधीच मागवून ठेवावेत.