अभ्यासपाठ : पहिली हाक देणाऱ्याचे रक्षण



गावात आग लागली तर पहिली हाक मारणाऱ्याला आपण वाळीत टाकीत नाही. घागर घेऊन धावतो. साथीच्या रोगांत मात्र राष्ट्रे पुष्कळदा उलट वागतात. या पाठात तीन उदाहरणांवरून त्याचा विचार करू.

१. सुरत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ जाहीर झाली. प्रवास व व्यापार यांवर बंधने नकोत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत होते. तरीही काही देशांनी भारताशी विमानवाहतूक बंद केली, आपला माल नाकारला. हे पाहून दुसरा देश काय शिकेल? रोग लपवावा, हेच.

२. देवी. १९६७ पासून देवी निर्मूलनाची मोहीम जगभर जोराने चालली. अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्यात वैर असूनही या कामी दोघांनी हात दिला. आपल्याकडे देवीचा रोगी कळवणाऱ्यास बक्षीस मिळे. बातमी येताच पथक जाई आणि रोग्याच्या सहवासातील माणसांना लस टोची. १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा शेवटचा रोगी आढळला. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. येथे हाक देणाऱ्याला शिक्षा नव्हती, मदत होती.

३. एबोला. १८ सप्टेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने आफ्रिकेतील एबोलाची साथ हा जागतिक शांतता व सुरक्षिततेला धोका असल्याचे ठरवले. त्याच ठरावात, साथग्रस्त देशांवरील सरसकट प्रवासबंदी उठवा, असेही सांगितले. सामुदायिक सुरक्षा म्हणतात ती हीच : रोग हा शत्रू, रोगी देश नव्हे.

पण धडा टिकला नाही. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी ठरू शकेल अशा घटनेचे मूल्यमापन होताच २४ तासांत ती कळवणे देशांवर बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोरोनाचा ओमायक्रॉन प्रकार तत्परतेने जगाला कळवला. उत्तरादाखल अनेक देशांनी तिच्यावरच दारे लावली. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. लस व औषधे यांची न्याय्य वाटणी हा त्याचा एक हेतू. तो हेतू कृतीत उतरला, तरच पुढचा देश वेळेवर हाक देईल.

विचारासाठी प्रश्न
१. सुरत व देवी या दोन उदाहरणांत बातमी देणाऱ्याच्या वाट्याला काय आले?
२. २०२० मध्ये आपल्या गल्लीत ज्या घरी कोरोना निघाला, त्या घराशी आपण कसे वागलो? पुन्हा वेळ आली तर त्या घरचे लोक आपल्याला सांगतील काय?